नरसाळे सर

त्यांचं आडनाव नरसाळे नव्हतं. दौंडच्या ज्या कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवायचे, तिथल्या पोरांनी ते पाडलं होतं. ते इतकं रुळलं की नव्यानं आलेल्या एका क्लार्कनं परीक्षेच्या ड्यूटीच्या तक्त्यावर तेच लिहिलं, आणि सरांनी त्यापुढं मुकाट्यानं सही केली.

नावाचं कारण साधं होतं. सरांच्या शर्टाच्या खिशात कायम खडूचा तुकडा असे आणि समोर जे येईल त्यावर ते ठिपके काढत. फळ्यावर काढत तसेच चहाच्या टपरीच्या पत्र्यावर, एसटीत पुढच्या सीटच्या पाठीवर, आणि एकदा प्राचार्यांच्या गाडीच्या धुळकट काचेवर बोटानं. ठिपके डावीकडून उजवीकडे जायचे. डावीकडे एकमेकांना चिकटून, उजवीकडे जावं तसे वर-खाली फाकत गेलेले, आडवं नरसाळं ठेवल्यासारखे. मग ते मधून एक रेघ मारायचे आणि म्हणायचे, "ही सरासरी. ही कुणीबी काढतं. ठिपके हितं रेघेला धरून हायत आन् तिथं सुटलेत. का सुटले ते सांगा."

या प्रकाराला इंग्रजीत एक लांबलचक नाव आहे. सर ते वर्षातून एकदा फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहायचे, पोरांकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे आणि पुसून टाकायचे. "झालं. परीक्षेत एवढं लिहा. आता आपण त्याला असमान पसारा म्हणू." त्यानंतरचे कितीतरी तास पसारा का वाढतो यातच जायचे. अभ्यासक्रमात त्याला एवढी जागा नव्हती. उरलेले धडे मी उरकायचे.

मी तेव्हा तिथं तासिका तत्त्वावर लागले होते. शिरूरहून दौंडला रोज एसटीनं जाणारे आम्ही दोघंच, त्यामुळं इतर सहकाऱ्यांपेक्षा ते माझ्या वाट्याला जास्त आले. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं होतं की दौंडला पोचायला किती वेळ लागतो. ते म्हणाले, "न्हावऱ्यापर्यंतचं सांगतो. पुढचं सांगत नाही." मला वाटलं, माणूस तिरसट आहे. दिवाळीनंतर साखर कारखान्यांची धुराडी पेटली तेव्हा उलगडा झाला. न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर आले. एखाद्या दिवशी गाडी सुसाट जायची, एखाद्या दिवशी भीमेच्या पुलापर्यंत ट्रॉलीच्या मागं रांगत राहायची. पावसाळ्यात तोच रस्ता अगदी शहाण्यासारखा वागायचा. "रस्ता एकच हाय, मॅडम," सर म्हणाले. "वर्षाची सरासरी काढून पोरांना सांगितली तर पोरं एक तर रोज लवकर येऊन बसतील, न्हाईतर रोज उशिरा."

त्यांची उदाहरणं अशीच जवळपासची असत. कारेगावला खोल्या करून राहणारी पोरं कंपनीत लागली की पहिल्या आठवड्यात एकाचा जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, जाड येतो, एकाचा बारीक. हात बसला की सगळ्यांचे सारखे. म्हणजे शिकण्यानं पसारा आटतो. पण त्याच पोरांचा खर्च बघा म्हणायचे. नवख्या कामगारांचा जवळपास सारखा, सुपरवायझर झालेल्यांचा मात्र एकाचा एक तर दुसऱ्याचा भलताच. "ज्याच्या हातात फार नाही, त्याला वेगळं वागायची सोयच नसते," हे वाक्य ते खडू खाली ठेवून म्हणत.

स्टाफरूममध्ये यातलं काही चालत नसे. एकदा प्राचार्यांनी बैठकीत सांगितलं की पहिल्या वर्षाच्या मार्कांत फार तफावत पडतेय, पोरं अभ्यास करत नाहीत. सर उठून म्हणाले की हे दोन वर्ग आहेत. मराठी माध्यमातून आलेली पोरं वेगळी, इंग्रजीतून आलेली वेगळी, तुम्ही दोन्ही एका पिशवीत ओतली आणि पिशवीला रागावताय. त्या दिवसापासून बैठकीत त्यांना शेवटी बोलायला देत, आणि बहुतेक वेळा त्याआधी चहा येई.

एवढं पसाऱ्याचं वेड असलेल्या माणसाचं स्वतःचं जगणं मात्र रुळावरून हलत नव्हतं. तीच गाडी, ड्रायव्हरच्या मागची तीच खिडकी, डब्यात तीच भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. संध्याकाळची परतीची गाडी त्यांनी कधी चुकवली नाही. गॅदरिंग असो, कुणाचा निरोप समारंभ असो, सर बॅग उचलून निघालेले. सहकारी हसायचे. पसाऱ्याचा मास्तर स्वतः रेघेवर चालतो म्हणायचे. मीही त्यात हसत होते.

एका संध्याकाळी न्हावऱ्याजवळ गाडी बंद पडली. लोक खाली उतरून उभे राहिले, कुणी फोन काढले, कुणी कणसं घेतली. सर मात्र रस्त्याच्या कडेला येरझाऱ्या घालू लागले, आणि थोड्या वेळानं शिरूरकडं जाणाऱ्या एका अनोळखी मोटरसायकलवाल्याला हात करून त्याच्यामागं बसून निघून गेले. बॅग गाडीतच राहिली. दुसरी एसटी आल्यावर मी ती घेऊन त्यांच्या घरी गेले. मार्केट यार्डाच्या मागं दोन खोल्यांचं घर होतं. दारातल्या पायरीवर एक बाई बसल्या होत्या. केस सुटलेले, पदर जमिनीवर. त्यांची नजर रस्त्यावर होती, पण मी समोर आले ते त्यांना दिसलं असं वाटलं नाही. शेजारी सर लसूण सोलत बसले होते.

"या माझ्या मिसेस," ते म्हणाले. "आज बरं नाही त्यांना."

मग त्यांनी मला सगळं सरळ सांगितलं, वर्गात सांगावं तसं. काकूंना हे लग्नानंतर थोड्याच वर्षांत सुरू झालं. काही दिवस त्या अगदी चांगल्या असत. बाजारात जात, गात, पाहुण्यांचा स्वयंपाक करत. काही दिवस अंथरुणातून उठवत नसे. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि सांगितलं होतं की घरातलं रोजचं वेळापत्रक जेवढं सारखं ठेवाल तेवढं बरं. म्हणून ती गाडी, म्हणून तोच डबा. ठरलेल्या वेळी सर दारात दिसले नाहीत की काकू पायरीवर येऊन बसत.

मी निघाले तेव्हा शेजारच्या बाईंनी मला फाटकापाशी गाठलं. हळू आवाजात म्हणाल्या, "काल मंडईत चांगल्या घासाघीस करत व्हत्या. आज म्हनं उठवत न्हाई. ढोंग हाय सगळं. मास्तर भोळा."

हे सरांना ऐकू गेलं होतं. दुसऱ्या दिवशी गाडीत त्यांनी आपणहून विषय काढला. "लोकांना वाटतं, खरा आजार रोज सारखा दिसतो. रोज आजारी राहिली असती तर त्यांनी दया केली असती." एवढं बोलून ते बाहेर बघू लागले.

दुधाचं प्रकरण त्याच्या पुढच्या वर्षीचं.

कोमल नावाची मुलगी आमच्या दुसऱ्या वर्षाला होती, दौंड तालुक्यातल्या एका गावची. गावाचं नाव सांगत नाही. नियमित येणारी ही मुलगी मध्येच दोन-दोन दिवस गैरहजर राहू लागली. सरांनी तिला थांबवून कारण विचारलं. तिनं सांगितलं की गावच्या डेअरीनं त्यांचं दूध बंद केलंय. आता तिला सकाळी सायकलवर कॅन लावून लांबच्या गावी घालायला जावं लागतं, आणि कधी कधी कॉलेजची गाडी चुकते.

तिच्या आईचं नाव ताराबाई. नवरा वारलेला, दारात एक गाय. डेअरीवर दुधाचा फॅट यंत्रानं मोजला जातो आणि आकडा मोबाईलवर येतो. ताराबाईचा आकडा रोज खालीवर होई. डेअरीच्या चेअरमननी नियम काढला की ज्याचा फॅट फार हलतो तो पाणी घालतो, त्याचं दूध घ्यायचं नाही. बंद झालेल्यांत सगळी एक-दोन जनावरांची घरं होती. ज्यांच्याकडं मोठे गोठे होते, त्यांचा आकडा शांत. ताराबाईला चेअरमननी सकाळच्या रांगेत, सगळ्यांसमोर सांगितलं होतं की बाई, पाणी घालणं बंद करा, मग या. त्या दिवसापासून गावातली पोरं तिला पाणीवाली म्हणत.

सरांनी हे ऐकून फळ्याकडं बघितलं. खडू खिशातच राहिला. रविवारी येतो म्हणाले.

रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. काकूंचे चांगले दिवस चालू होते, त्यांनीच डबा करून दिला होता. चेअरमन साधारण पन्नाशीचे, डेअरीसमोर खुर्ची टाकून बसलेले. मला वाटलं होतं तसे ते अरेरावी करणारे नव्हते. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "सर, आकडं यंत्राचं हायत. माझं काय वैर न्हाई बाईशी. पर भेसळ झाली तर सगळ्या गावाचं दूध परत येतंय."

सरांनी त्यांना विचारलं की तुमच्या गोठ्यात किती गायी आहेत. चेअरमन म्हणाले, वीसेक. त्यांचं दूध मोजता कसं? एकाच मोठ्या टाकीत ओतून. मग सर म्हणाले, "एक काम करा. थोडे दिवस एकेका गायीचं वेगळं मोजा. तुमच्याच माणसानं धार काढायची, तुमच्याच यंत्रावर. तवर मी गावात पाऊलबी ठेवत न्हाई."

चेअरमन हसले. पण गोठ्याचा अभिमान असलेल्या माणसाला आपल्या गायी वेगवेगळ्या मोजून बघण्याची उत्सुकता असतेच. त्यांनी हो म्हटलं.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. चेअरमन आत यंत्रापाशी उभे होते. गेल्या आठवड्यातले त्यांच्या गायींचे आकडे ताराबाईच्या गायीसारखेच उड्या मारत होते, काहींचे तिच्याहूनही जास्त. शेवटच्या धारा वासरासाठी सोडल्या की फॅट खाली, शेवटच्या धारांपर्यंत पिळलं की वर, गाय माजावर आली की भलतंच, ओला चारा संपून कडबा सुरू झाला की आणखी वेगळं. टाकीत सगळ्यांचं एकत्र झालं की एकीचं खाली आणि दुसरीचं वर मिळून आकडा गप्प बसायचा.

"म्हंजी मी बी पाणीवाला?" चेअरमन म्हणाले.

"न्हाई," सर म्हणाले. "तुमच्याकडं टाकी हाय. बाईकडं टाकी न्हाई." मग म्हणाले, "गावात पाणी घालणारं कुणी असंल बी. पर या आकड्यावरनं ते कळत न्हाई."

चेअरमननी त्याच दिवशी नियम मागं घेतला. बंद केलेल्यांना उद्यापासून या असा निरोप धाडला. परतीच्या गाडीत सर खुशीत होते. मला वाटतं, मी त्यांना तेवढं खुशीत एकदाच पाहिलं. त्यांनी मला शेंगा घेतल्या.

बाकीची घरं दुसऱ्या दिवशी डेअरीवर गेली. ताराबाई गेली नाही. कोमल अजून सायकलवर दुसऱ्या गावीच जात होती. सरांनी कारण विचारलं तेव्हा तिनं मान खाली घातली आणि आईच तुमच्याशी बोलेल म्हणाली. आम्ही पुन्हा गेलो. ताराबाई गायीपाशी शेण भरत होती. तिनं हात धुऊन आम्हाला बसायला पोतं टाकलं. सर तिला समजावू लागले की आता नियम नाही, आकडा कितीही हलला तरी दूध घेतील, तुमचं खरं ठरलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, तुमचं उपकार हायत. पर तुम्ही यंत्राचं बोलता. मला पाणीवाली म्हनले ते रांगेत म्हनले, समद्यांफुडं. दूध घ्या म्हनून निरोप धाडला तो घरी. मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

आपलं काम आकड्यापाशी संपलं असं सरांनी धरलं होतं. ते डेअरीवर गेले, चेअरमनना बोलले. चेअरमननी कपाळाला हात लावला. संस्थेची निवडणूक तोंडावर आलेली. रांगेत उभं राहून चुकलं म्हणायचं म्हणजे विरोधकांच्या हातात काठी द्यायची. "दूध घेतो म्हनलं की. अजून काय पायजे?" ते म्हणाले.

त्यानंतर दिवाळीची सुट्टी लागली, आणि सरांनी जे केलं ते मला कोमलनं आणि नंतर त्यांनी स्वतः सांगितलं. ते काकूंना घेऊन ताराबाईच्या घरी राहायला गेले. काकूंना एकटं सोडता येत नव्हतं आणि सकाळच्या रांगेला शिरूरहून पोचता येत नव्हतं, म्हणून दोघंही. रोज सकाळी सर ताराबाईचा कॅन घेऊन रांगेत उभे राहत. आपला नंबर आला की दूध मोजणाऱ्याला म्हणत, "ज्यांचं हाय त्या येतील तवा ओतू," आणि भरलेला कॅन घेऊन माघारी फिरत. मग ते दूध कोमल दुसऱ्या गावी नेई. रांगेतले आधी हसले. मग हसणं थांबलं. काहीजण त्यांच्यासाठी पुढची जागा धरून ठेवू लागले.

चेअरमन एक-दोनदा त्यांना बाजूला घेऊन म्हणाले की सर, तुम्ही शिकलेले, हे बरं दिसत नाही. सर म्हणायचे, माझं काही मागणं नाही. आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी रांगेत.

काकूंचं तिथं काय होईल याची सरांना धास्ती होती. नवं घर, नव्या वेळा, वेळापत्रक पार मोडलेलं. पहिले दिवस त्या घरात भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. ताराबाईनं त्यांच्यापुढं भाकरीचं ताट ठेवलं, त्यांनी खाल्लं नाही तर उचलून झाकून ठेवलं, आणि आपल्या कामाला लागली. एके दिवशी दुपारी काकू उठून गोठ्यात आल्या आणि गायीच्या पाठीवरून हात फिरवत उभ्या राहिल्या. ताराबाई म्हणाली, "कोंडा भिजवलाय, देता का?" काकूंनी घमेलं उचललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उठल्या नाहीत. ताराबाईनं कोंडा स्वतः घातला.

दिवाळी उलटून गेल्यावर एका सकाळी चेअरमन रांगेपाशी आले. सर कॅन घेऊन उभेच होते. चेअरमननी त्यांच्याकडं न बघता, यंत्राच्या टेबलावर एक हात टेकून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझ्या गायींचा फॅट बी खालीवर होतो. एकेकीचा बघितला तवा कळलं. ताराबाईला मी हितं जे बोललो, ते चुकलं." मग ते आत गेले आणि कुणाला तरी बिलाच्या कागदांवरून रागावू लागले.

सर लगबगीनं घरी आले, कॅन तसाच घेऊन. ताराबाईला सांगितलं. ती शेण भरायचं थांबली.

"कोन कोन व्हतं रांगेत?" तिनं विचारलं.

सर गडबडले. त्यांनी माणसं पाहिलीच नव्हती. कोमल त्यांच्याबरोबर रांगेत गेली होती, तिनं एकेकाचं नाव सांगितलं. ताराबाई ऐकत होती. एक-दोन नावांना तिनं नुसती मान हलवली. दुसऱ्या सकाळी तिनं चांगलं लुगडं नेसलं, कॅन उचलला आणि डेअरीवर गेली. निवडणुकीत चेअरमन पडले नाहीत. कोमल पदवीनंतर रांजणगावच्या एका कंपनीत मोजमापाच्या विभागात लागली, अजून तिथंच आहे.

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी निरोप समारंभ नको म्हणून सांगितलं. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते हे की त्यांनी शिरूरचं घर सोडलं आणि ताराबाईच्या गावात एक भाड्याचं घर घेतलं. कुणी म्हणालं, म्हातारपणी वेड लागलं. त्यांच्या शिरूरच्या शेजारणीनं मला गाठून सांगितलं की बिचाऱ्या मास्तराला बायकोनं खेड्यात नेऊन टाकलं.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. सर दारात तांदूळ निवडत बसले होते. केस पांढरे झालेत, शर्टाच्या खिशात आता चष्मा असतो. आत काकू पांघरूण घेऊन पडल्या होत्या. गेला आठवडा चांगला गेला, सर म्हणाले, परवा तर त्या ताराबाईबरोबर तिच्या माहेरी जत्रेला जाऊन आल्या. कालपासून पुन्हा उठवत नाही. मी विचारलं, कशानं झालं असेल? त्यांनी थोडा विचार केला. "सांगता येत न्हाई," म्हणाले आणि पुन्हा तांदळाकडं वळले.

तेवढ्यात ताराबाई आली, एका हातात डेअरीचा कॅन, दुसऱ्यात दुधाचा तांब्या. मला ओळखून हसली. मग दारातूनच आत बघत तिनं सरांना विचारलं, "आज कशा हायत?"

"आज न्हाई," सर म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. तांब्या उंबऱ्यावर ठेवला, शेजारच्या फळीवरचा रिकामा तांब्या उचलला, आणि डेअरीच्या रस्त्याला लागली.